भर हिवाळ्यात, मिट्ट काळोखात, उणे ६० तापमानात तिघं जण निघाले होते... पेंग्विनची अंडी आणायला!

इन्स्टावर स्क्रोल करताना अंटार्क्टिकाच्या क्रूझचं एखादं रील तुमच्याही समोर आलं असेलच. लाल जॅकेट घातलेले पर्यटक, रबरी बोटीतून बर्फावर उतरणं, आणि समोरून डुलत डुलत येणारे पेंग्विन. खाली कमेंटमध्ये लोक विचारत असतात, भाऊ खर्च किती येतो?

खर्चाचा विषय बाजूला ठेवू. पण त्या रीलमधली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यात दिसणारे पेंग्विन जवळपास नेहमी छोट्या जातीचे असतात. जेंटू, चिनस्ट्रॅप नाहीतर अ‍ॅडेली. मानेजवळ सोनेरी पिवळा रंग असलेला, आपल्या कमरेपर्यंत येईल एवढा उंच, पेंग्विनांचा राजा म्हणावा असा एम्परर पेंग्विन त्यात क्वचितच असतो. आणि तो अंड्यावर बसलाय असं दृश्य तर कुठल्याच पर्यटकाच्या मोबाईलमध्ये सापडणार नाही.

कारण साधं आहे. जहाजं जातात उन्हाळ्यात. एम्परर अंडी घालतो हिवाळ्यात.

आज हे आपण सहज सांगून मोकळे होतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. ते ज्यांनी शोधलं त्यात एक डॉक्टर होता. फुफ्फुसं टीबीने पोखरलेली, चित्रकलेचं कसलंही शिक्षण नाही, तरीही अंटार्क्टिकाची सगळ्यात देखणी चित्रं काढणारा. नाव एडवर्ड विल्सन. दक्षिण ध्रुवावरून परत येताना कॅप्टन स्कॉटच्या शेजारी तंबूत मेलेला म्हणून तो जगाला माहीत आहे. पण त्याची खरी गोष्ट पक्ष्यांची आहे.

विल्सनचा जन्म २३ जुलै १८७२ चा. गाव इंग्लंडमधलं चेल्टनहॅम. वडील डॉक्टर, घरात दहा भावंडं, त्यातला हा पाचवा. आईला कोंबड्या पाळण्याचा भारी नाद, इतका की तिने त्या विषयावर पुस्तक लिहिलं होतं. घरच्यांनी गावाजवळच्या टेकडीवर एक शेत भाड्याने घेतलेलं. विल्सन तिथेच वाढला म्हटलं तरी चालेल. पहाटे उठून पाखरं बघायची, घरटी शोधायची, पिसं जमवायची आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. चित्रं काढायला त्याला कोणी शिकवलं नाही. बघत बघत हात बसत गेला.

पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवला आणि लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकायला आला. दिवसा हॉस्पिटल, संध्याकाळी बॅटरसीच्या गरीब वस्तीतल्या पोरांसाठी काम. धार्मिक वृत्तीचा माणूस, स्वतःच्या खाण्यापिण्याकडे लक्ष शून्य. तिथेच त्याला ओरियाना सूपर भेटली. आणि तिथेच शरीराने हात टेकले.

१८९८ मध्ये निदान झालं, टीबी. त्या काळी टीबीवर औषध नव्हतं. डोंगराळ भागात जा, स्वच्छ हवा घे आणि नशिबावर हवाला ठेव, एवढाच उपाय. विल्सन आधी नॉर्वेला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या डावोसला गेला. पडून राहायला सांगितलेला हा रोगी बर्फातली पाखरं आणि झाडं काढत बसायचा. बर्फावर पडलेली सावली निळी दिसते की जांभळी, हे त्याला तिथे कळलं. पुढे हे फार कामाला येणार होतं.

बरा होऊन तो परतला आणि १९०० मध्ये डॉक्टर झाला. तेवढ्यात रॉबर्ट स्कॉट नावाचा नौदल अधिकारी डिस्कव्हरी जहाज घेऊन अंटार्क्टिकाला निघणार असल्याची बातमी आली. जहाजाला दुसरा डॉक्टर हवा होता, तोही प्राण्यांची माहिती असणारा आणि चित्रं काढता येणारा. तीन माणसांचं काम एकात! विल्सनने अर्ज केला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या फुफ्फुसांवरचे डाग लपले नाहीत. तरीही स्कॉटने त्याला घेतलं.

१६ जुलै १९०१ ला ओरियानाशी लग्न झालं. ६ ऑगस्टला जहाज सुटलं. म्हणजे लग्नानंतर बायकोसोबत जेमतेम तीन आठवडे, आणि मग थेट तीन वर्षांचा विरह.

डिस्कव्हरीवरचे विल्सनचे पहिले महिने वाचले की आजच्या क्रूझवाल्यांची आठवण येते. फरक एवढाच की याला वेळापत्रक कोणी दिलेलं नव्हतं. नोव्हेंबर १९०१ मध्ये वाटेत मॅक्वारी बेट लागलं. तिथे थांबावं असा विल्सनचा आग्रह. स्कॉटने जहाज थांबवलं आणि विल्सनने आयुष्यात पहिल्यांदा पेंग्विनांची वसाहत बघितली. जानेवारीत केप अडेअरला उतरले तेव्हा समोर अ‍ॅडेली पेंग्विनांचा जनसागर. वास असा की वाऱ्याची दिशा बदलली की जहाजावरच कळावं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळचे निसर्ग अभ्यासक आजच्यासारखे नुसते बघत नव्हते. पक्षी मारायचे, कातडी सोलायची, पेंढा भरायचा, आणि मांस स्वयंपाकघरात पाठवायचं. ताजं मांस खाल्लं नाही तर स्कर्व्हीने माणसं मरायची, त्यामुळे सील आणि पेंग्विन हाच आहार. विल्सनने आयुष्यभर पक्ष्यांवर जीव लावला आणि आयुष्यभर पक्षी मारले. त्याच्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या.

तर मुद्दा एम्परर पेंग्विनचा. हा पक्षी दर्यावर्दींना ठाऊक होता. बर्फाच्या तुकड्यांवर उभा दिसायचा. पण तो पिल्लं कुठे घालतो, कधी घालतो, कोणालाच पत्ता नव्हता. ऑक्टोबर १९०२ मध्ये जहाजावरचा इंजिनिअर रेजिनाल्ड स्केल्टन रॉस बेटाच्या केप क्रोझियरला पोचला. कड्याखाली गोठलेल्या समुद्रावर त्याला शेकडो एम्परर दिसले. सोबत पिल्लं. जगातली पहिली माहीत झालेली एम्परर वसाहत.

विल्सनच्या डोक्यात गणित सुरू झालं. ऑक्टोबर म्हणजे दक्षिणेकडे वसंताची सुरुवात. तेव्हाच पिल्लं एवढी मोठी असतील तर अंडी कधी घातली असतील? पुढच्या वर्षी तो स्वतः सप्टेंबरातच तिथे गेला. तर तेव्हाही पिल्लं अंड्यातून बाहेर आलेली. हाती लागली ती टाकून दिलेली, गोठलेली अंडी. म्हणजे हा पक्षी भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा काळात, उघड्या बर्फावर अंडी घालतो. विल्सनने अंदाज बांधला की अंडी जुलैच्या सुरुवातीला पडत असावीत. अंदाज थोडा चुकला, एम्पररची अंडी मे आणि जूनमध्येच पडतात. पण मूळ निष्कर्ष बरोबर होता.

असं का करतो हा पक्षी? तर पिल्लू मोठं व्हायला फार वेळ लागतो. ते समुद्रात उतरेल तेव्हा डिसेंबर-जानेवारी असायला हवा, कारण तेव्हाच बर्फ फुटतो आणि खायला मुबलक मिळतं. तिथून उलटं मोजत या, की अंड्याची वेळ हिवाळ्यात येते. मादी अंडं नराच्या पायांवर सोपवून समुद्राकडे निघून जाते. नर सुमारे ६५ दिवस ते अंडं पायांवर ठेवून पोटाच्या घडीखाली ऊब देतो. जोडी जमल्यापासून मोजलं तर त्याचा उपवास जवळपास चार महिन्यांचा. वजन निम्म्याच्या आसपास येतं.

त्याच मोहिमेत स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन हे तिघे दक्षिणेला सरकत गेले आणि ३० डिसेंबर १९०२ ला ८२ अंश १७ मिनिटांपर्यंत पोचले. तोवर एवढ्या दक्षिणेला कोणी गेलं नव्हतं. बरोबरची सगळी कुत्री मेली, शॅकल्टनला रक्ताच्या गुळण्या होऊ लागल्या, आणि विल्सनचे डोळे बर्फाच्या लखलखाटाने गेल्यासारखे झाले. चित्रं काढण्यासाठी तो गॉगल काढायचा, त्याची ही किंमत. डोळ्यांवर पट्टी बांधून तो गाडी ओढत राहिला.

१९०४ मध्ये मोहीम परतली. विल्सनला मायदेशी वेगळंच काम मिळालं. स्कॉटलंडच्या माळरानांवर ग्राऊस नावाचे पक्षी पटापट मरत होते. श्रीमंतांच्या शिकारीचा पक्षी, त्यामुळे सरकारी चौकशी बसली. विल्सनने अक्षरशः शेकड्यांनी, एकूण दोन हजारांच्या आसपास ग्राऊस फाडून बघितले आणि आतड्यातल्या एका बारीक जंतावर बोट ठेवलं. मेलेले पक्षी तो कुठेही फाडायचा, मुक्कामाच्या हॉटेलातसुद्धा. ओरियाना सोबत असायची, पिसं मोजायला मदत करायची. त्यांच्या संसाराची बहुतेक वर्षं ही अशी गेली. मूलबाळ नव्हतं.

१९०७ मध्ये शॅकल्टनने स्वतःची मोहीम काढली आणि विल्सनला बोलावलं. हातातलं काम सोडणार नाही म्हणत विल्सनने नकार दिला. पण १९१० मध्ये स्कॉटने पुन्हा हाक मारली तेव्हा मात्र तो निघाला. या वेळी टेरा नोव्हा जहाजावर, शास्त्रज्ञांचा प्रमुख म्हणून. जगाला या मोहिमेत ध्रुव दिसत होता. विल्सनला अंडी दिसत होती.

अंड्यांचं एवढं काय? तर त्या काळी एक सिद्धांत जोरात होता. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलचं म्हणणं असं की गर्भ वाढत असताना त्या जातीच्या पूर्वजांचा सगळा प्रवास पुन्हा करून दाखवतो. पेंग्विन हा सगळ्यात आदिम पक्षी आहे असा तेव्हाचा समज. मग एम्पररच्या कोवळ्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात, खवले यांच्या खुणा सापडतील, आणि पक्षी कुठून आले हे कोडं सुटेल. पण त्यासाठी ताजी अंडी हवीत. आणि ताजी अंडी हवीत तर जायला हवं जूनच्या शेवटी. ध्रुवीय रात्रीत. त्या काळोखात एवढा लांबचा प्रवास तोवर कोणी केलेला नव्हता.

२७ जून १९११. केप एव्हान्सच्या लाकडी घरातून तिघे निघाले. ३८ वर्षांचा विल्सन, ज्याला मोहिमेतले लोक प्रेमाने अंकल बिल म्हणायचे. त्याच्यासोबत हेन्री बॉवर्स, बुटका, दणकट, मुंबईत मुख्यालय असलेल्या रॉयल इंडियन मरीनमधून आलेला अधिकारी. आणि तिसरा २५ वर्षांचा अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड, श्रीमंत घरचा, चष्म्याशिवाय जवळजवळ आंधळा. आणि त्या थंडीत चष्मा लावणं शक्यच नव्हतं.

अंतर जायचं साधारण १०५ किलोमीटर. पुणे ते महाबळेश्वर गाडीने जाताना वाटेत चहाला थांबलं तरी तीन-साडेतीन तासात होतं. यांना लागले १९ दिवस.

दोन घसरगाड्या, एकूण ३४३ किलो सामान, ओढायला तीन माणसं. बर्फ एवढा गार की वाळूसारखा खरखरीत झालेला, गाडी सरकेचना. मग एक गाडी पुढे न्यायची, काळोखात मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या पावलांवरून परत यायचं, दुसरी न्यायची. एक किलोमीटर पुढे जायला तीन किलोमीटर चालायचं. ६ जुलैला तापमान उणे ६०.८ सेल्सिअसवर गेलं. तंबूतून बाहेर आल्यावर काही सेकंदांत अंगावरचे कपडे पत्र्यासारखे कडक व्हायचे, त्यामुळे आधी ओढण्याच्या पवित्र्यात वाकून उभं राहायचं, म्हणजे कपडे त्याच आकारात गोठतील. झोपायच्या पिशव्यांत घाम आणि श्वास गोठून त्यांचं वजन दुप्पट झालं. रात्री आत शिरायला आधी पिशवी वितळवावी लागायची, तीही स्वतःच्या अंगाच्या उबेने. थंडीने दातखीळ एवढी वाजायची की चेरीचे दात फुटले.

विल्सनने दोघांना अधूनमधून विचारलं की परत फिरायचं का. दोघांनी प्रत्येक वेळी नाही म्हटलं.

१५ जुलैला ते क्रोझियरला पोचले. दगडांची भिंत रचून, वर घसरगाडीची तुळई टाकून आणि हिरव्या कॅनव्हासचं छप्पर ताणून एक खोपट बांधलं. कड्याखाली पेंग्विनांचा आवाज येत होता, पण वाट सापडेना. अखेर २० तारखेला दुपारच्या तासाभराच्या धूसर उजेडात बर्फाच्या भेगांतून सरपटत विल्सन आणि बॉवर्स खाली पोचले.

मागच्या मोहिमेत इथे मोठी वसाहत पाहिलेली. या वेळी होते जेमतेम शंभर पक्षी. पण त्यांच्या पायांवर अंडी होती. जिवंत पक्ष्याच्या अंगाखालचं एम्पररचं अंडं, भर हिवाळ्यात, त्याच्या घरी जाऊन बघणारी ही पहिली माणसं. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्यांच्याकडे अंडं नव्हतं असे काही पेंग्विन बर्फाचा गोल गोळाच पायांवर घेऊन ऊब देत उभे होते.

निरीक्षण करायला वेळच नव्हता, उजेड मावळत होता. पाच अंडी उचलली. चुलीच्या चरबीसाठी तीन पक्षी मारले. वर चढताना चेरीने दोन अंडी हातमोज्यात गळ्याशी लटकवली होती, अंधारात धडपडला आणि दोन्ही फुटली. राहिली तीन.

त्याच रात्री खोपटात चरबीची चूल उडाली आणि उकळता थेंब विल्सनच्या डोळ्यात गेला. तो वेदनेने कण्हत होता. आणि २२ तारखेला वादळ आलं. आधी बाहेरचा तंबू उडून गेला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी खोपट्याच्या छपराच्या चिंध्या झाल्या. तिघेही पिशव्यांत पडून, वरून बर्फ साचतोय, खायला काही शिजवता येत नाही. तंबूशिवाय परतीचा प्रवास म्हणजे मरण, हे तिघांनाही कळत होतं. कोणी बोललं नाही. मध्येच ते भजनं म्हणत, आणि विल्सनला बॉवर्स अधूनमधून डिवचून बघत, अजून हलतोय ना म्हणून.

तो दिवस होता २३ जुलै. विल्सनचा ३९ वा वाढदिवस.

वादळ शमल्यावर ते तंबू शोधायला निघाले. आणि उताराखाली सुमारे अर्ध्या मैलावर तंबू सापडला! मिटलेल्या छत्रीसारखा बंद होऊन पडलेला, फाटला नव्हता. १ ऑगस्टला तिघे घरी पोचले तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे कापून काढावे लागले. स्पिरिटमध्ये ठेवलेली तीन अंडी शाबूत होती.

एवढं होऊनही तीन महिन्यांनी विल्सन पुन्हा निघाला, या वेळी ध्रुवाकडे. पुढचं बरंच जण जाणतात. १७ जानेवारी १९१२ ला स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर एव्हान्स ध्रुवावर पोचले, तर तिथे १४ डिसेंबरलाच येऊन गेलेल्या अ‍ॅमुंडसेनचा तंबू. विल्सनने त्या तंबूचंही चित्र काढलं.

परतीच्या वाटेवरची एक गोष्ट मात्र विदर्भातल्या वाचकांनी नक्की ऐकावी. ८ फेब्रुवारीला बेअर्डमोर हिमनदीपाशी, माणसं उपाशी आणि थकलेली असताना, विल्सनला खडकात पानांचे ठसे दिसले. त्यांनी थांबून सुमारे १६ किलो दगड गाडीत भरले आणि शेवटपर्यंत ओढले. ती पानं ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाची निघाली. हीच पानं वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या पट्ट्यात, नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. आजचा अंटार्क्टिका आणि आजचा भारत एकेकाळी एकाच भूभागाचे तुकडे होते, त्या भूभागाचं नावच गोंडवाना, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. या सिद्धांताला बळ देणाऱ्या पुराव्यांत विल्सनच्या दगडांची गणना होते.

एव्हान्स १७ फेब्रुवारीला गेला. ओट्स मार्चमध्ये स्वतःहून वादळात निघून गेला. उरलेले तिघे पुढच्या अन्नसाठ्यापासून फक्त १८ किलोमीटरवर अडकले. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची. डॉक्टर म्हणून विल्सनकडे अफूच्या गोळ्या होत्या, स्कॉटने सगळ्यांना त्या द्यायला लावल्या होत्या. वापरल्या कोणीच नाहीत. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला तंबू सापडला. त्या पथकात चेरी-गॅरार्ड होता. मार्चमध्ये तो कुत्र्यांसह त्याच अन्नसाठ्यापाशी वाट बघत थांबला होता आणि मागे फिरला होता. आपण आणखी पुढे गेलो असतो तर, या विचाराने त्याला जन्मभर सोडलं नाही.

ओरियाना नवऱ्याला घ्यायला न्यूझीलंडला आली होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये ती आगगाडीने ख्राईस्टचर्चला पोचली आणि स्टेशनवर पेपर विकणाऱ्या पोरांच्या ओरडण्यातून तिला बातमी कळली. पहिल्या महायुद्धात तिने न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी काम केलं, त्याबद्दल तिला सीबीई हा किताब मिळाला. नवऱ्याची बरीचशी पत्रं तिने नंतर नष्ट करून टाकली. ती १९४५ मध्ये गेली.

आणि अंडी? १९१३ मध्ये चेरी-गॅरार्ड ती घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे तिथे त्याला कोणी धड विचारलं नाही, अंडी मिळाल्याची पावती मिळावी म्हणून बाकड्यावर ताटकळत बसावं लागलं. गर्भांचा अभ्यास एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरत राहिला. १९३४ मध्ये अखेर निष्कर्ष छापून आला, की या गर्भांमुळे ज्ञानात फारशी भर पडत नाही. तोवर हेकेलचा सिद्धांतच मोडीत निघाला होता. पेंग्विनही आदिम पक्षी नव्हेतच, ते उडणाऱ्या पक्ष्यांपासून आलेत.

म्हणजे ज्या प्रश्नासाठी तिघांनी जीव धोक्यात घातला, तो प्रश्नच चुकीचा निघाला. पण एम्पररची वसाहत हिवाळ्यात कशी जगते ही पहिली नोंद मात्र त्याच पाच आठवड्यांतून आली. चेरीने त्या प्रवासावर १९२२ मध्ये लिहिलेलं द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड हे पुस्तक आजही छापलं जातं.

विल्सनने जे कोडं सोडवायला घेतलं होतं, त्याच कोड्यावर आज क्रूझचं सगळं वेळापत्रक चालतं. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून जहाजं निघतात, ड्रेक पॅसेजचा दोन दिवसांचा खवळलेला समुद्र पार करतात. नोव्हेंबरात गेलात तर पेंग्विन एकमेकांचे खडे चोरून घरटी बांधताना दिसतात, बर्फही स्वच्छ पांढरा. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत पिल्लं, आणि रात्र जवळपास नसतेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये किनारे चिखल आणि विष्ठेने माखलेले असतात, पण देवमासे बघायचे तर हाच काळ. एप्रिलपर्यंत समुद्र पुन्हा गोठायला लागतो आणि जहाजं परत फिरतात. नेमका त्याच सुमारास एम्परर गोठत्या समुद्रावर चालत आपल्या वसाहतीकडे निघालेला असतो.

ज्यांना एम्पररच बघायचाय त्यांच्यासाठी वेडेल समुद्रातलं स्नो हिल बेट आहे. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ फोडणारी जहाजं जातात आणि हेलिकॉप्टरने लोकांना वसाहतीपासून लांब उतरवतात. तेही बर्फ आणि हवेने परवानगी दिली तर. तिथेही दिसतात ती पिल्लं, अंडी नाहीत. मार्च ऑफ द पेंग्विन्स हा २००५ चा गाजलेला सिनेमा आठवत असेल, तर त्याच्या चित्रकारांना अंटार्क्टिकातल्या फ्रेंच तळावर अख्खा हिवाळा काढावा लागला होता.

नियमही कडक आहेत. एका वेळी एका ठिकाणी शंभरच पर्यटक उतरू शकतात, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून उतरायचंच नाही. एका हंगामात आता एक लाखाहून अधिक लोक तिकडे जातात, त्यामुळे हे लागतंच.

या क्रूझच्या धंद्याची सुरुवात केली ती लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश अमेरिकन माणसाने. १९६६ मध्ये त्याने पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी लिंडब्लाड एक्सप्लोरर नावाचं जहाज बांधून घेतलं. या जहाजावर पर्यटकांना पक्षी ओळखायला शिकवणाऱ्यांत एक होते पीटर स्कॉट. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या संस्थापकांपैकी एक, आणि कॅप्टन स्कॉट यांचा मुलगा. बाप मेला तेव्हा पोरगं अडीच वर्षांचं होतं. तंबूतून लिहिलेल्या शेवटच्या पत्रात स्कॉटने बायकोला कळवलं होतं की मुलाला जमलं तर निसर्गाची गोडी लाव. ते लिहिताना त्याच्या शेजारच्या पिशवीत विल्सन होता.

चेल्टनहॅममध्ये विल्सनचा पुतळा आहे. तो १९१४ मध्ये उभा राहिला, आणि घडवला होता कॅथलीन स्कॉट यांनी, म्हणजे पीटरच्या आईने. गावातल्या संग्रहालयालाही २०१३ पासून त्याचंच नाव आहे. क्रोझियरची ती तीन अंडी लंडनच्या म्युझियमच्या संग्रहात आहेत. गर्भ काढण्यासाठी त्यांना पाडलेलं चौकोनी भोक अजून दिसतं. आणि केप क्रोझियरला, दगडांच्या त्या मोडक्या भिंतीखाली, जूनमध्ये एम्परर नर पायांवर अंडं घेऊन पाठीला पाठ लावून उभे राहतात. त्या वेळी तिथे एकही जहाज नसतं.